पिंपरणीवरचं पोतं

खट्ट. बाहेरून कडी लागली.

दुपार होती. वीज गेल्यामुळं पंखा गप्प, गोठ्यात जनावरं रवंथ करत बसलेली, चुलीवर काही नाही, नळाला पाणी नाही. त्या सगळ्या गप्प घरात तेवढाच एक आवाज झाला. मग दाराखालच्या फटीतून चार चिमुकली बोटं आत आली.

"आई, आजीनं कडी लावली."

"बरं."

"तू रडू नको हां."

"मी कुठं रडतेय?"

"काल रडलीस. नारंगी."

मी पदरानं डोळे टिपले. पदराला खरंच नारंगी डाग पडला. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. या गोळ्यांनी लघवी, घाम, डोळ्यांचं पाणी, सगळं शेंदरी होईल, घाबरू नका. दूधसुद्धा. ते म्हणताना त्यांनी माझ्या मांडीवरच्या वीरूकडं पाहिलं होतं. "याला पाजणं आजपासून बंद. औषधं संपेपर्यंत."

वीरू तेव्हा नुकताच रांगायला लागला होता. माझा वास आला की कुठूनही यायचा, गुडघ्याला धरून उभा राहायचा, पदर ओढायचा. माझा हात आपोआप ब्लाउजच्या हुकाकडं जायचा. म्हणून त्याच्या दुधाच्या वेळेला त्याला बाहेर ठेवायचं, मला आत, आणि मध्ये कडी. ती कडी कुणी माझ्यावर लादली नव्हती. मीच आत्यांना म्हणाले होते, "माझ्यावर भरवसा ठेवू नका, बाहेरून लावा." आत्या म्हणजे सासूबाई, आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात.

"वीरू काय करतोय?" मी फटीशी तोंड नेऊन विचारलं.

"आजीच्या मांडीवर आहे. पिशवीचं दूध पितोय. थुंकतोय."

गोठ्यात गाई उभ्या असलेल्या घरात पोरांना दुकानातून पिशवीचं दूध आणायचं. गावात लोक हसायचे. "पाटलाच्या गाई आटल्या का?" म्हणायचे. हसू देत, म्हणायचा माझा नवरा, धैर्यशील. नाव आजोबांनी मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. त्या नावाला जागायची वेळ तोवर काही आली नव्हती. आई म्हणेल ते हो, बायको म्हणेल तेही हो, आणि दोघींचं जुळलं नाही की तो वैरण कापायला जायचा.

मला धरलेला ताप गोठ्यातूनच आला होता. मास्तरणीकडून.

मास्तरीण आमची सगळ्यात देखणी गाय. पांढरीशुभ्र, आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी कडी, चष्मा लावल्यासारखी. मान वर करून बघायची तर वाटायचं, आता गृहपाठ विचारणार. सातव्या महिन्यात ती गाभडली. मेलेलं वासरू पडलं आणि वार आत अडकून राहिली. आत्यांनी बाही वर सारून हात घातला, मी शेपूट धरलं. बऱ्याच वेळानं वार मोकळी झाली, तशी त्यांनी ती ऊन ऊन माझ्या ओंजळीत दिली.

"धर. सुनेचं काम हाय हे."

आमच्या घरची रीत आहे. गाय व्याली किंवा गाभडली, तरी तिची वार कुत्र्याच्या तोंडी लागू द्यायची नाही. घरच्या सुनेनं ती पोत्यात घालून चीक असलेल्या झाडाला बांधायची, म्हणजे गाईला दूध उतरतं. गोठ्यामागं पिंपरण आहे. पान तोडलं की देठाला पांढरा थेंब येतो. मी हात उंच करून फांदीला पोतं बांधलं. गाठ मारताना मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आले. आदल्या दिवशी घास कापताना विळ्यानं बोट कापलं होतं, ते जरा चुरचुरलं. तेवढंच.

माझी लेक ईशू खाली उभी राहून बघत होती.

"आई, पोत्यात काय आहे?"

"वासराचं घर. पोटात असताना त्यात राहायचं ते."

"मग वासरू?"

"वासरू देवाकडं गेलं."

"घर न घेता?"

मी तिला उचलून आत नेलं होतं. पोरं काहीही विचारतात.

महिन्याभरानं ताप सुरू झाला. सकाळी नसायचा, दिवस कलला की यायचा आणि पहाटे घामानं अंथरूण भिजवून जायचा. कंबर अशी धरली की वीरूला उचलताना डोळ्यांपुढं अंधारी यायची. मलेरिया म्हणून झालं, टायफॉइड म्हणून झालं. शेवटी मिरजेला रक्त तपासलं आणि डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरी गाय गाभडली होती का?"

मग आमच्या गोठ्यात जनावरांचे डॉक्टर आले. प्रत्येक गाईचं रक्त घेतलं. दूध काचेच्या नळीत घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकले, नळ्या उभ्या करून ठेवल्या. बाकीच्या नळ्या तशाच राहिल्या. एका नळीत वर, साय धरते तिथं, निळं कडं धरलं.

"टोपी! मास्तरणीच्या दुधानं टोपी घातली!" ईशू टाळ्या वाजवत ओरडली.

डॉक्टरांनी नळी उन्हाकडं धरून पाहिली. "ब्रुसेला. बाकीची जनावरं स्वच्छ आहेत, नशीब समजा. तरी पुन्हा तपासेपर्यंत पोरांना पिशवीचंच दूध द्या. हिला लांब बांधा. हिचं दूध कुणी प्यायचं नाही, दुसऱ्या वासरालासुद्धा पाजायचं नाही."

"आणि औषध?" धैर्यशीलनं विचारलं.

"माणसाला आहे. गाईला नाही देत. दिलं तरी रोग जात नाही. जिवंत आहे तोवर तो अंगात राहणार."

"मग करायचं काय हिचं?"

डॉक्टर नळ्या गोळा करत राहिले. "काही देशांत अशी गाय ठेवतच नाहीत. आपल्याकडं कायद्यानं तसं करता येत नाही, आणि तुम्हालाही ते होणार नाही. सांभाळा. विकू मात्र नका. ज्याच्या दारात जाईल त्याच्या घरात हेच."

ते गेल्यावर आत्या म्हणाल्या, "विकू नका, मारू नका, दूध पिऊ नका. मग काय हळद-कुंकू लावून पुजायची? हिला दारातनं घालवल्याबिगर तू बरी व्हायची न्हाईस, ऊर्मिला. सांगून ठेवते."

मी त्यांना अडवलं नाही. कारण मलाही ती जायला हवी होती. ईशू रोज तिच्याजवळ जायची, कितीही सांगा. वीरू उद्या चालायला लागला असता. मी अंथरुणात पडून एकच हिशेब करायची, ती गेली की माझी पोरं सुटली. कुठं गेली, ते कशाला विचारायचं?

म्हणून आत्यांनी कुणाकडून तरी गिऱ्हाईक लावलं, फोटो पाठवला, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून झोपून राहिले. ते लोक आज दुपारी यायचे होते.

"आई," फटीतून ईशूचा आवाज आला, "गाडी आली. छोटा हत्ती."

"कोण कोण आहे?"

"एक मामा आहे. टोपीवाला. आणि एक मावशी." ती जरा थांबली. "मावशीचं पोट एवढं आहे!"

"केवढं?"

"एवढं!"

"अगं, मला दाराआडून दिसतंय का?"

"कलिंगडाएवढं."

मी उठून खिडकीशी गेले. खिडकीला गज होते आणि समोर अंगणापलीकडं गोठा. अंगणात आत्या वीरूला काखेत घेऊन उभ्या. धैर्यशील मास्तरणीचं दावं धरून, मान खाली घालून. टोपीवाला तरुण गाईभोवती फिरून बघत होता, पाठीवरून हात फिरवत, शिंगं चाचपत. आणि त्याची बायको एका हातानं कंबर धरून गाईच्या तोंडासमोर उभी होती. वीस-बावीसची असेल. आठवा महिना लागला असावा.

"लई लांबनं आलासा," आत्या म्हणाल्या.

"लांब कसलं काकू? जतहून निघालो, गप्पा मारत पोचलो. ही पूनम, आमची मंडळी. हिचाच हट. फोटूत बघितली तवापास्नं म्हणतीया, चष्मेवालीच पायजे."

"मग!" पूनम हसली. "आमचे हे सिद्धनाथराव दुसरीत दोनदा बसलेत. म्हणलं, घरात एक तरी शिकलेली असावी."

सिद्धनाथ मोठ्यानं हसला. धैर्यशीलसुद्धा हसायचा प्रयत्न करत होता, ते मला गजांआडून दिसलं.

"कितवा गं?" आत्यांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"आठवा."

"पैलाच?"

पूनम गाईच्या कपाळावर हात फिरवत राहिली. "पैलाच म्हणायचा. आधीचा एक राहिला न्हवता."

आत्यांनी वीरूला या काखेतून त्या काखेत घेतलं.

"पण काकू," सिद्धनाथ म्हणाला, "एवढी चांगली गाय, का इकताय?"

"सून आजारी हाय माजी. करायला कोण न्हाई."

त्यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते इतकं सरळ निघालं तोंडातून.

"मग धार काढून बगा की," आत्या म्हणाल्या.

"हीच काढंल. आमच्यात अशीच पद्धत हाय. पुढं ज्या हातानं धार काढायची, त्याच हातानं बगायची. काय पूनमबाय, जमंल का बसायला?"

"न बसायला काय झालं? गाय माझी हाय," पूनम म्हणाली आणि एक हात जमिनीला टेकवत हळूच मास्तरणीच्या पोटाशी बसली. तांब्यातलं पाणी मारून तिनं सड धुतले, पुसले. मास्तरीण हलली नाही. चष्म्यातून एकदा मागं वळून बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

पहिली धार पूनमनं जमिनीवर सोडली.

"ही भुईची," ती म्हणाली, "आणि दुसरी माझी." तिनं डाव्या हाताची ओंजळ सडाखाली धरली.

मी काय करणार आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. ती गेली की माझी पोरं सुटणार होती. ती कुणाच्या दारात जाईल, हे मी मुद्दाम बघितलं नव्हतं. आता ते दार माझ्या खिडकीसमोर उकिडवं बसलं होतं, कलिंगडाएवढं पोट सांभाळत, आणि त्याच्या तळहातावर दूध पडत होतं.

"पिऊ नको!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"कोण हाय?" सिद्धनाथ वळला.

"पिऊ नको गं! आत्या, तिला पिऊ देऊ नका! अहो, बघत काय बसलाय?"

धैर्यशीलनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

"सून हाय माजी," आत्या घाईघाईनं म्हणाल्या. "तापात हाय. बरळती कदी कदी."

"आणि कडी लावून ठिवलीया?"

"पोराचं अंगावरचं तोडायचं चाललंय न्हवं? त्याच्यासाठी."

"व्हय, आमच्या आत्यांनी पण धाकट्या नंदेला अशीच कोंडली होती," पूनम म्हणाली. तिच्या बोटांतून दूध गळत होतं. ती ते गळू नये म्हणून ओंजळ जवळ नेत होती.

मी गज हलवले. गज कशाला हलतायत? मग मी दाराशी धावले, कमरेतून कळ आली तशीच खाली बसले.

"ईशू! कडी काढ."

"आजी रागवेल."

"मी सांगतेय ना? काढ."

"हात पुरत नाही आई."

"काहीतरी घे. चढ. माझी राणी ना तू?"

फटीतली बोटं दिसेनाशी झाली. मला वाटलं गेली. मग पत्र्याचा आवाज आला. खर्रर, खर्रर. दुधाची रिकामी किटली ओढत आणत होती. ती किटली तिच्या कमरेएवढी. दारावर धडकली, पालथी झाली, वर चढताना तिचा धापेचा श्वासन् श्वास मला ऐकू येत होता. एकदा घसरली. "लागलं नाही," तिनं स्वतःच सांगितलं. मग पुन्हा चढली.

खट्ट.

दार उघडलं आणि ऊन डोळ्यांत घुसलं. माझा आवाज ऐकून वीरू आत्यांच्या काखेतून रडत दोन्ही हात पुढं करत होता. मी सरळ अंगणात गेले. आत्यांनी त्याला दिला नाही, तोच त्यांच्या हातातून माझ्याकडं सांडला. केवढ्या तरी दिवसांनी तो माझ्या अंगाला लागला. तोंड फिरवत फिरवत ब्लाउज शोधू लागला, गालानं, नाकानं, हातानं. माझ्या छातीत कळ उठली आणि पान्हा सुटला. मी आत घट्ट फडकं गुंडाळलं होतं. ते भिजलं, मग ब्लाउज भिजला, त्यावर दोन गोल उमटले. कडा नारंगी.

पूनम खाली बसल्या बसल्या माझ्याकडं बघत होती. ओंजळ तशीच ओठांजवळ.

"अगं, पाज की त्याला," ती म्हणाली. "का रडवतीस? ओली झालीस की सगळी."

"पाजता येत नाही."

"का?"

"या गाईचा रोग मला झालाय. तिच्या वारेला हात लावला म्हणून. दुधातनंही होतो. पोटातलं पोर टिकत नाही." बोलताना मला धाप लागली. "ती आजारी दिसत नाही. मीही दिसत नव्हते."

"तापात हाय ती," आत्या पुन्हा म्हणाल्या, पण आता अगदी हळू, स्वतःला सांगितल्यासारखं.

सिद्धनाथनं धैर्यशीलकडं पाहिलं. "पावणं, तुमी सांगा. खरं काय?"

धैर्यशील दाव्याचा पीळ उलगडत होता. मला वाटलं, आता वैरण कापायला जाईल. दावं खुंटीला बांधून त्यानं गाठ मारली. मग म्हणाला, "खरं हाय. डॉक्टरनं इकू नका म्हणून सांगितलं होतं."

पण पूनमनं त्याची वाट बघितलीच नव्हती. तिची नजर माझ्या ब्लाउजवरून वीरूच्या उघड्या तोंडाकडं आणि तिथून माझ्या हाताकडं गेली. मी त्या हातानं माझ्याच पोराचं तोंड माझ्यापासून लांब धरलं होतं. तिनं ओंजळ उघडली. दूध मातीत पडलं. तिनं तळहात मातीत घासला, पुन्हा पुन्हा घासला.

"मातीनं नको," मी म्हणाले. "साबण पाहिजे."

त्यावर आत्या हलल्या. न्हाणीघरात गेल्या, साबण आणि पाण्याची बादली घेऊन आल्या, आणि पूनमसमोर वाकून तिच्या हातांवर पाणी घालू लागल्या. एक तांब्या, दुसरा तांब्या. "नखात घास," म्हणाल्या. "बांगड्या वर सार. कोपरापर्यंत." सिद्धनाथ काहीबाही बोलत होता. माझ्या बायकोकडं बघून तरी, काकू, तुमाला पोरंबाळं हायत न्हवं, असं. आत्यांनी एकदाही वर पाहिलं नाही. पाणी संपलं तशा त्या दुसरी बादली आणायला गेल्या.

जाताना पूनम गाडीत चढली, आणि मग पुन्हा वाकून खिडकीतून म्हणाली, "बाई, पोराला आत न्या. ऊन लागंल."

जतला ती नेमकी कुठं राहते, ते मी विचारलं नाही. तिचं काय झालं, मुलगा की मुलगी, तेही मला कधी कळलं नाही. मास्तरीण मात्र राहिली. शेवटपर्यंत आमच्याकडंच राहिली, पिंपरणीखाली वेगळ्या छपरात. धैर्यशील हातमोजे घालून तिचं करायचा. कुणी विचारलं की आता तो स्वतःच सांगायचा, हिला रोग हाय, लांबनं बगा. तिच्याजवळ जायचं नाही एवढं पोरांना शिकवलं. तरी लांब उभी राहून ईशू तिला पाढे म्हणून दाखवायची. माझी औषधं संपली, ताप गेला, तोवर दूधही गेलं होतं. वीरूनं पुन्हा अंगावर घेतलं नाही. आता तो शाळेत जातो. कधी कधी झोपेत अजून गाल घासतो उशीला.

पण त्या दिवसाची संध्याकाळ राहिली आहे.

दिवस कलला होता. मला ताप चढायची वेळ. दार उघडं होतं. त्या दिवसापासून कडी कुणी लावली नाही, आणि वीरू उंबऱ्याशी येऊन बसला तरी नुसता माझ्याकडं बघायचा. मी उंबऱ्याच्या आत गोधडी पांघरून बसले होते, आत्या बाहेर पायरीवर. ईशू त्यांच्या मांडीला टेकून. समोर धैर्यशील पिंपरणीवरचं पोतं काढत होता. डॉक्टरांनी पुरायला सांगितलं होतं, ते एवढे दिवस राहूनच गेलं होतं. हातात मोजे, तोंडाला फडकं, शेजारी खणलेला खड्डा आणि चुन्याची पिशवी.

"बाबा, वासराचं घर कुठं नेताय?" ईशू ओरडली.

"मातीत," तो म्हणाला.

पोतं खड्ड्यात पडलं. त्याच्यावर चुना. त्याच्यावर माती. आत्या बघत होत्या. खड्डा भरत आला तशा म्हणाल्या, "ऊर्मिला."

"काय आत्या?"

"हा रोग नवीन निगालाय व्हय गं?"

"नाही. जुना आहे म्हणे. फार जुना."

"म्हंजे मी नवी नवरी हुते तवा पण असंल?"

मला एकदम कळलं नाही त्या कुठं निघाल्यात. "असेल," मी म्हणाले. "का?"

"काय न्हाई." त्यांनी ईशूच्या केसांतून एक काडी काढली. "लगीन हून आले तर दावणीला लई गाई हुत्या. सासूनं दुसऱ्याच दिवशी हातात पोतं दिलं. म्हणली, सुनेचं काम हाय. तवापास्नं ह्या झाडाला मी बांधत आले. गाई पण गाभडायच्या अधनंमधनं. आमी म्हणायचो, नजर लागली."

धैर्यशील माती पायानं दाबत होता. तो आमचं ऐकत नव्हता, किंवा ऐकत असावा.

"धैर्याच्या आधी माजी तीन गेली, ऊर्मिला," आत्या म्हणाल्या. "एक तर पुरतं झालेलं. नखं हुती. ताप मला पण यायचा असाच, दिवस कलला की. सासू म्हणायची, गाई दूध देत्यात, झाडाला चीक येतोय, ह्या पोरीच्याच अंगात खोट हाय. चारचौघींत म्हणायची. मी पण तसंच समजत आले. आजपातुर." त्या थांबल्या. "ती पोरगी म्हणली न्हवं, आधीचा एक राहिला न्हवता, तवाच मला माजी तीन आठवली. तरी मी बोलले न्हाई. तुला काय वाटतंय? असंल का गं तसं?"

होय म्हणाले असते तर इतक्या वर्षांचं त्यांचं ओझं उतरलं असतं, आणि ज्या हातांनी त्यांनी भक्तिभावानं गाठी मारल्या होत्या ते हातच त्यांना नको झाले असते. नाही म्हणाले असते तर ती खोट त्यांच्याच अंगात राहिली असती. मी गोधडीतून हात बाहेर काढला आणि त्यांच्या पायावर ठेवला. त्यांनी पाय काढून घेतला नाही.

ईशू आजीच्या तोंडाकडं बघत होती, मग खड्ड्याकडं, मग रिकाम्या फांदीकडं. ती उठून माझ्याजवळ आली, गुडघ्यावर हात ठेवून उभी राहिली. आजीला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी माझ्या कानाशी तोंड आणलं.

"आई," तिनं विचारलं, "आजीच्या बाळांची घरं कुठल्या झाडाला बांधली?"